अकेडियन लोकांमधले पहिले मोठे न्यायाधीश कोण?

माझं उत्तर : प्येर-आमाँ लांद्री. कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतातल्या मेमरामकुक गावी 1846 साली जन्म. 1755 पासून इंग्रजांनी ज्या फ्रेंच भाषकांना घरादारातून हुसकावलं, त्या अकेडियनांपैकी प्रांतातले ते पहिले वकील. पुढे आमदार, प्रांताचे मंत्री, मग ओटावाच्या संसदेत खासदार. 1890 मध्ये राजकारण सोडून ते न्यायाधीश झाले, 1913 मध्ये मुख्य न्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. 1916 मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, ‘सर’ किताबही मिळाला.

मला मात्र त्यांचं 1881 चं काम सर्वांत मोलाचं वाटतं. मेमरामकुकला भरलेल्या पहिल्या अकेडियन अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. तिथेच 15 ऑगस्ट हा अकेडियनांचा राष्ट्रीय दिवस ठरला. हो, आपल्या स्वातंत्र्यदिनाचीच तारीख!