९ वर्षांच्या मुलीचं पोट अधूनमधून दुखतं. रक्ततपासणीत एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे तिला अल्सर आहे का?

नाही, एवढ्या रिपोर्टवरून अल्सर (जठराच्या अस्तरातली जखम) आहे असं म्हणता येत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुतेकदा लहानपणीच, बरेचदा घरातल्याच कुणाकडून पोटात जातो आणि जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं राहतो. पण लागण झालेल्या बहुसंख्य मुलांना अल्सर होत नाही. शिवाय रक्तात दिसतात त्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, आणि जंतू गेल्यावरही त्या बरेच महिने टिकतात. म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटना मुलांमध्ये या तपासणीवरून निदान करू नका असं स्पष्ट सांगतात. अल्सरची खरी शंका असेल तर एंडोस्कोपी करून (तोंडावाटे कॅमेऱ्याची बारीक नळी घालून) जठरातला छोटा तुकडा तपासतात. निदान पक्कं झालं तर आम्ल कमी करणारं औषध आणि अँटिबायोटिक्स, साधारण १४ दिवस. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करायची. निदान पक्कं होईपर्यंत नुसता रक्ताचा रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक सुरू करू नका, ही कळकळीची विनंती. अर्धवट किंवा उगाच दिलेल्या औषधांनी हा जंतू निर्ढावतो.

मात्र पुढचं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच न्या:
- झोपेतून उठवणारी पोटदुखी, सततच्या उलट्या
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी (लोहाच्या औषधानेही शी काळी होते, ते चालू असेल तर सांगा)
- वजन घटणं, फिकटपणा

तापासाठी वरचेवर आयब्युप्रोफेन देत असाल तर तेही सांगा. त्यानेही अल्सर होऊ शकतो.