दिवे तिन्हींत आहेत, आधी कार्डाचं बघू

नमस्कार ताई,

तुमचं पत्र जवळजवळ सगळं दिव्यांबद्दल आहे. बाळ शेजारी झोपलेलं, खोलीत दिवा लावता येत नाही, मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात, म्हणून प्रकाशाची सोय असलेला ई-रीडर हवाय. पर्याय तीन: नवा किंडल पेपरव्हाइट ₹१६,९९९ ला, सहा महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर, ऑफिसातल्या मैत्रिणीचा २०२१चा पेपरव्हाइट ₹७,००० ला, किंवा टोरांटोचा भाऊ येताना आणेल तो कोबो क्लारा, त्याला साधारण ₹१०,००० द्यायचे. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: कार्डावर ₹१८,००० थकलेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, नियमित भरते.

माझं लक्ष त्या ओळीवर गेलं. कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्के धरला तर ₹१८,००० वर महिन्याचे ₹६३० होतात, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ₹७४३. मैत्रिणीच्या किंडलची किंमत तुम्ही साडेनऊ महिन्यांत नुसत्या व्याजापोटी भरताय, आणि हातात काहीच येत नाही. शिवाय थकबाकी असताना त्याच कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

'नो कॉस्ट' म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट देतो, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. व्याज १६ टक्के आणि फी ₹१९९ धरली तर तुमच्या बाबतीत ₹३७०च्या आसपास जातील. रक्कम मोठी नाही, पण थकलेल्या कार्डावर नवा हप्ता नकोच.

तेव्हा दिवाळीचा जो ₹२८,००० बोनस येणार म्हणता, त्यातले ₹१८,००० आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज आधी कार्डात. उरलेल्यात मैत्रिणीचा पेपरव्हाइट रोखीत बसतो.

आता दिव्यांचं. तिन्ही यंत्रांत दिवे पडद्याच्या कडेला असतात, प्रकाश वरून पसरून कागदावरून यावा तसा परत येतो. तिन्हींत तो पिवळसर करता येतो, तिन्हींत अक्षर सारखंच रेखीव, ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. नव्या किंडलचा पडदा ७ इंच, जुन्याचा ६.८, पानं नव्यात जरा चटकन उलटतात. एवढ्यासाठी ₹१०,००० जास्त मोजावेत असं मला वाटत नाही.

कोबो मला वैयक्तिकरीत्या आवडतो, दुरुस्तीला सोपा बनवलाय. पण पडदा ६ इंचाचा, आणि मराठी वाचणाऱ्याची फुकट पुस्तकं मुख्यतः पीडीएफमध्ये असतात. साहित्य संस्कृती मंडळाची घ्या किंवा ई साहित्य प्रतिष्ठानची. त्या आकारात मोठं पान आवळलं की अक्षरं मुंग्यांएवढी होतात, मग दिवा कितीही चांगला असो. ६.८ इंचावरही थोडा त्रास होईलच, आडवं धरून वाचावं लागेल. विकतची मराठी पुस्तकं किंडलवर २०१६ पासून मिळतात. एका दुकानातून घेतलेलं पुस्तक सहसा दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाही, त्यामुळे इथे घेतलेला निर्णय पुढच्या सगळ्या खरेदीला बांधून टाकतो. भावाला तरीही आणायचाच असेल, तर आधी एखादं मराठी पुस्तक त्यावर उघडून फोटो पाठवायला सांगा, जोडाक्षरं फुटतात का बघा. वॉरंटी इथे चालेल का, तेही त्याने लेखी विचारावं.

ई-पुस्तकांनी पैसे वाचतील हा हिशेब मात्र मनातून काढा. पुस्तकामागे ₹१०० वाचले असं धरलं, महिन्याला दोन वाचली, तरी ₹७,००० सुटायला तीन वर्षं लागतात. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-पुस्तकाला आहे. आणि सांगलीच्या नगर वाचनालयाची वर्गणी तुम्ही भरताच आहात, ती बंद करू नका. ई-रीडर सोयीसाठी घ्या, रात्रीचं वाचन ही सोय ₹७,००० ला महाग नाही.

घेण्याआधी मैत्रिणीकडे अंधाऱ्या खोलीत कोरं पान उघडा, प्रकाश पूर्ण वाढवा. पडद्यावर ओरखडे असतील तिथे पांढरे ठिपके चमकतात, कडेला सावल्या पडलेल्या दिसतात. ठिपके मोजके असतील तर ₹५०० कमी करून मागा, मैत्रीण असली तरी. चार दिवस वापरायला घेऊन बॅटरी किती उतरते ते पाहा. आणि तिच्या खात्यातून यंत्राची नोंदणी तुमच्या समोर निघाल्याशिवाय पैसे देऊ नका.