पेंढ्याची टोपली घेण्याआधी
पेंढ्याच्या टोपलीत मधमाश्या पाळायची हौस ठीक, पण आत पोळी बांधायला काढता-घालता येणाऱ्या लाकडी चौकटी नसतात. माश्या पोळी थेट छतालाच चिकटवतात. रोग लागला तरी बघणार कसं? इंग्लंडात मध काढायला टोपली जळत्या गंधकाच्या खड्ड्यावर ठेवून अख्खी वसाहत मारत. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या मधमाशीपालकाने पेटीतल्या चौकटींभोवती ६ ते ९ मिलिमीटरची फट राखली. तेवढ्या जागेत माश्या मेण भरत नाहीत, चौकट अलगद उचलता येते. तेव्हा सुरुवात पेटीनेच करा. टोपली मात्र फेकू नका, फांदीला लटकलेला माश्यांचा थवा उतरवायला झकास! फांदीखाली धरा, फांदीला एक जोरदार झटका द्या, मग चादरीवर उपडी ठेवून कडेखाली खडा सरकवा. राणी आत असली की उरलेल्या माश्या अंधार पडेपर्यंत आपणहून शिरतात.