क्लोमिफीन चालू असताना कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

प्रश्न : वय ३१, पीसीओडी (अंडाशयांचा, संप्रेरकांच्या बिघाडाचा विकार) आहे. स्त्रीबीज तयार व्हावे म्हणून क्लोमिफीन घेते. पहिल्या महिन्यात ५० मिलिग्रॅम, पुढचे दोन महिने १००, दर वेळी पाच दिवस. परवाच्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २०८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०८, ट्रायग्लिसराइड ३१२ आले. आधी कधी तपासले नव्हते. बाबांचे ट्रायग्लिसराइड कायम वाढलेले असते. कुणी म्हणते ही गोळी कोलेस्टेरॉल कमी करते, कुणी म्हणते वाढवते. गोळ्या बंद करू का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. यकृतात कोलेस्टेरॉल टप्प्याटप्प्याने बनते. अगदी शेवटी डेस्मोस्टेरॉल नावाच्या पदार्थाचे कोलेस्टेरॉल होते आणि क्लोमिफीन नेमका हाच टप्पा अडवते. त्यामुळे औषध फार दिवस चालले तर रक्तात डेस्मोस्टेरॉल साचते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, ते वेगळे दिसत नाही. क्लोमिफीनच्याच रासायनिक घराण्यातले ट्रायपॅरॅनॉल पूर्वी अमेरिकेत कोलेस्टेरॉल उतरवायला देत. तेही हाच टप्पा अडवायचे. ते रोज, महिनोन् महिने घेणाऱ्यांना मोतीबिंदू होऊ लागले, केस गळू लागले आणि १९६२ साली ते बाजारातून काढून घेतले. तुमचे औषध महिन्यातून पाचच दिवस आहे, म्हणून त्या इतिहासाने घाबरू नका. मात्र क्लोमिफीनचा एक घटक शरीरात काही आठवडे रेंगाळतो. डोस आणि महिने डॉक्टरांना न विचारता वाढवायचे नाहीत, ते यासाठीच. साधारणपणे सहा पाळ्यांपुढे हे औषध ओढत नाहीत.

तुमच्या रिपोर्टमध्ये खरी काळजी ३१२ या आकड्याची आहे. क्लोमिफीन यकृतात काही अंशी इस्ट्रोजेनसारखे वागते, आणि इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते. घरात आधीपासून हा त्रास असेल, डोस मोठा असेल, तर धोका वाढतो. पण पीसीओडीतही इन्सुलिन नीट काम करत नसल्याने हेच चित्र दिसते : ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली. औषधाआधीचा रिपोर्ट असता तर वाटा कुणाचा किती, ते कळले असते. म्हणून पहिल्या गोळीआधी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आता पुढची पाळी सुरू होण्याआधी तपासणी पुन्हा करा. सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला गराडू (तळलेला कंद) आणि जलेबी खाऊन सकाळी सातला रक्त दिले, तर पोट रिकामे जेमतेम आठ तास. बारा तास हवेत, पाणी चालते. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) करा. थायरॉइड मंद असले तर कोलेस्टेरॉलही चढते आणि स्त्रीबीजही अडते. एलडीएल बहुधा गणिताने काढतात : २०८ मधून ३८ आणि ३१२ चा पाचवा भाग, म्हणजे ६२, वजा केले की १०८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित चुकते. तेव्हा थेट मोजलेले एलडीएल मागा.

ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. ५०० च्या वर आले तर पुढच्या गोळ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय सुरू करू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. बेंबीच्या वर, पाठीत जाणारी जोरदार कळ आणि उलट्या झाल्या तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे ठिपके किंवा लखलखाट आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्कूटी चालवू नका.

खाण्यात आधी साखर आणि मैदा कमी करा : पोह्यांबरोबरची जलेबी, आपली इंदुरी शिकंजी. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे स्वतःहून घेऊ नका. मूल हवे असताना ती शक्यतो टाळतात. पीसीओडीत स्त्रीबीज तयार व्हायला आता लेट्रोझोल हे दुसरे औषध आधी देतात. ते या वाटेने काम करत नाही. बदल करायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : शुक्राणू कमी म्हणून यजमानांना क्लोमिफीन २५ मिलिग्रॅम रोज दिले आहे. पुरुषांनाही तपासणी लागते का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : लागते, किंबहुना जास्तच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पुरुषांत हे औषध सलग काही महिने चालते. वर सांगितलेली अडवणूक तेव्हा पाच दिवसांची राहत नाही. सुरुवातीला एकदा आणि वीर्यतपासणीच्या वेळी, म्हणजे तीन महिन्यांनी, पुन्हा लिपिड प्रोफाइल करावे. नजरेबद्दलची सूचना त्यांनाही तशीच लागू.