अंगणातला दिवाण: लाकूड कुठलं ते नंतर, पाणी कुठून जाणार ते आधी

तुम्ही विचारलंत ते असं: सांगलीत गावभागात जुनं घर, मागे शहाबादी फरशीचा दहा बाय बाराचा चौक, अर्ध्यावर पत्रा. आई संध्याकाळी तिथंच बसतात, दुपारी आडवं व्हायलाही त्यांना तिथंच आवडेल, गुडघे दुखतात. दिवाण घरीच करायचाय आणि सागवान, लोखंड की पॅलेट (कारखान्यात माल ठेवायच्या लाकडी चौकटी) यावर घरात एकमत नाही. प्रश्न बरोबर समजला असेल तर पुढचं वाचा, लांबलचक आहे.

मी काही सुतार नाही, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिते. पण सासर सातारा आणि माहेर सांगली, त्यामुळे दोन्हीकडचं ऊनपाऊस अंगावर घेतलंय, आणि बाहेर ठेवायचे तीन दिवाण आजवर स्वतः केलेत. त्यातला पहिला बंबात गेला. तिथूनच सुरुवात करते.

साताऱ्यात आमची पडवी पश्चिमेला. जूनमध्ये यवतेश्वराच्या बाजूने पाऊस येतो तो तिरका, पत्रा असून नसल्यासारखा. मी १९ मिलिमीटरचं प्लाय घेतलं, दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून न्या’ म्हणून दिलं. गादी सरकू नये म्हणून चारही बाजूंनी दोन इंच उंच पट्टी मारली, वर पॉलिश. दिसायला फार देखणा झाला, शेजारणी बघायला आल्या. श्रावण संपताना गादी उचलली तर खाली काळी बुरशी, एका कोपऱ्यात चक्क छत्र्या उगवलेल्या. अंगठा दाबला तर आत गेला, प्लायचे पापुद्रे चिरोट्यासारखे सुटत होते. प्लाय फसवं होतं हे खरं, पण मोठी चूक माझीच. मी दिवाण केला नव्हता, परात केली होती. आलेलं पाणी बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती.

दुसरा धडा माहेरी मिळाला. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. घरात कमरेएवढं पाणी. ते ओसरल्यावर आम्ही खराटे घेऊन गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीतला पेटीचा दिवाण, भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा बसला होता. मागच्या पडवीत आजीची सागाची बाज. तिच्यावर चार बादल्या ओतून चिखल काढला, भिंतीला आडवी टेकवून सावलीत वाळवली, सडकी नवार फेकून नवी विणली. आजही दादा तिच्यावर बसून पेपर वाचतो. बाजेत आहे काय? चार खूर, त्यांना जोडणारे चार आडवे गाते आणि मधे दोऱ्या. पाणी थांबायला जागाच नाही.

लाकूड भिजल्याने कुजत नाही, ओलं राहिल्याने कुजतं. बुरशीला सतत ओल लागते. दोन दिवस भिजून तिसऱ्या दिवशी वाऱ्यावर वाळलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून सागवान की लोखंड हे नंतर बघू, आधी कागदावर दिवाण काढा आणि त्यावर मनातल्या मनात तांब्याभर पाणी ओता. जिथं जिथं ते थांबेल तिथं चूक आहे.

आता मापं. दिवाण करायच्या आधी गादीचं ठरवा, कारण चौकट गादीच्या मापावर बेतायची असते. बाजारात सहज मिळणारं माप ७२ बाय ३६ इंच, तेच धरा. गादी चौकटीत बुडवू नका, पट्ट्यांवर ठेवा. सरकते म्हणून पट्टी मारायचा मोह होईल (मला झाला होता), त्याऐवजी गादीच्या खोळीला चार कोपऱ्यांत बंद (नाड्या) शिवा आणि खालच्या पट्टीला बांधा.

चौकट ४ बाय २ इंचाची, खूर ३ बाय ३ चे, १३ इंच उंच. त्यावर इंचाची पट्टी आणि ४ इंचांची गादी, जी बसल्यावर इंचभर दबते. म्हणजे बसायची उंची १७ इंचांच्या आसपास. गुडघेदुखीवाल्या माणसाला यापेक्षा खाली देऊ नका, बसतील पण उठता येणार नाही. आमच्या सासूबाईंसाठी मी खूर आणखी इंचभर वाढवले. तुमच्या आईंना घरातल्या कुठल्या खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं ते बघा आणि तीच उंची घ्या, माझं माप जाऊ द्या.

वरच्या पट्ट्या ३ इंच रुंद, इंचभर जाड, ३ फूट लांब, अशा १८. बहात्तर इंचांत मधे इंचाच्या जरा वर फट येते. फट दीड इंचाच्या वर गेली तर फोम त्यात उतरतो आणि पाठीला गज लागतात. या पट्ट्या चौकटीच्या आत लपवू नका, वरून आडव्या मारा, टोकं उघडी राहू द्या. वरच्या कडा रंध्याने गोल करा, पाणी ओघळून जातं आणि मांडीलाही टोचत नाही. मधोमध लांबीच्या दिशेने एक आधाराची पट्टी आणि तिच्याखाली पाचवा खूर. हा खूर लोक विसरतात, मग नातवंडं उड्या मारतात आणि पट्टी मोडते.

लाकडाचा हिशेब करायला सोपं सूत्र: रुंदी इंच गुणिले जाडी इंच गुणिले लांबी फूट, भागिले १४४, की घनफूट. वरची सगळी मापं धरून पावणेतीन घनफुटांच्या आत बसतं. टेकायची पाठ आणि वाया जाणारं धरून साडेतीन सांगा. वखारीत हा आकडा आधी तुमच्या तोंडून गेला पाहिजे, नाहीतर पाच घनफूट गळ्यात पडतं.

लाकूड कुठलं? माझं मत सरळ आहे: नवं सागवान घेऊ नका, जुनं घ्या. सांगली-साताऱ्यात वाडे उतरतात तेव्हा तुळया, वासे, चौकटी विकायला येतात. चांगली मुरलेली असतात, वळायची वाकायची ती कधीच वळून झालेली. दोन गोष्टी बघायच्या. एक, लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधायचे, नाहीतर पहिलीच पाती तुटली की कापणारा मिस्त्री तुम्हाला धारेवर धरेल. दोन, कापल्यावर कडेचा फिका पांढरट भाग दिसतो तो काढून टाकायला सांगायचा. सागवान टिकतं ते तपकिरी गाभ्यामुळे, पांढऱ्यात कीड आरामात शिरते. नवीन सागवानात तर कोवळ्या झाडाचा पांढराच भाग जास्त, आणि पैसे पूर्ण सागाचे.

बाभूळ स्वस्त आणि चिवट, बैलगाड्या तिच्यावर चालल्या. पण ओली बाभूळ घेतलीत तर उन्हाळ्यात तडकून बंदुकीसारखा आवाज करते. जुनी माणसं ती पाण्यात बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. एवढा धीर असेल तर खुरांना बाभूळ उत्तम. आंबा बाहेरच्या कामाला नको, निलगिरी पिळवटते.

पॅलेटबद्दल: कुपवाड एमआयडीसीत ढिगाने मिळतात आणि चित्रातले दिवाण बघून सगळ्यांनाच भुरळ पडते. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला. एमबीवालं घरात आणू नका, तेल सांडल्याचे डाग असलेलंही नको. बाकी पॅलेट बहुतेक पाईनचं असतं. छताखाली चालेल, पावसात दोन-तीन वर्षं. प्रयोग म्हणून करायला हरकत नाही, आईंसाठी नको.

लोखंड नकोच असं नाही. ४० बाय ४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) चौकोनी पाईप, दोन मिलिमीटर जाडीचा, म्हणजे चौकट मजबूत आणि वाळवीची कटकट नाही. पण पाईप गंजतो तो आतून. म्हणून उघड्या तोंडांना टोप्या आणि प्रत्येक आडव्या पाईपला खालच्या अंगाला एक बारीक भोक, आत शिरलेलं पाणी गळून जायला. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथं झिंकचा रंग मारून घ्या, आणि वेल्डिंग मोकळ्यावरच करायला सांगा, जस्ताचा धूर वाईट. वर मात्र लाकडाच्याच पट्ट्या. सांगलीच्या एप्रिलमधल्या उन्हात लोखंडावर हात ठेवून बघा, मी काय म्हणते ते कळेल.

आता खुरांची टोकं, कारण दिवाण मरायला सुरुवात तिथून होते. लाकडाचा आडवा छेद म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा, फरशीवरचं पाणी वर ओढून घेतो. जुन्या वाड्यात खांब जमिनीला कधी टेकत नाही, खाली दगडी तळखडा असतो, त्याचं कारण हेच. आपण एवढंच करायचं: खुरांचे तळ प्रायमरमध्ये दोनदा बुडवून वाळवायचे आणि खाली नायलॉनचे जाड बूट ठोकायचे. भिंतीपासून चार इंच लांब ठेवा, वाळवीच्या मातीच्या नळ्या चढताना दिसल्या पाहिजेत.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ ग्रेडचे, दोन इंची. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन दोन आणि मधे एक, म्हणजे ९० लागतात, शंभराची पाकिटं मागा. साध्या लोखंडी स्क्रूवर पैसे वाचवू नका. बाभळीत आणि थोडंफार सागवानातही टॅनिन असतं, ओल लागली की लोखंडाशी मिळून काळं होतं. माझ्या दुसऱ्या दिवाणावर प्रत्येक स्क्रूपासून खाली काजळ ओघळल्यासारखी रेघ आहे, रंधा मारूनही गेली नाही. आणि आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका. टोकाशी पट्टी उभी चिरते आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

पॉलिश करू नका. चपड्याचं पॉलिश पावसात पांढरं पडतं, वार्निशचा पापुद्रा कुठंतरी फुटतो आणि त्याच्या आत पाणी अडकतं. परत तीच परात. मी जवसाचं डबल बॉइल्ड तेल थोडं टर्पेंटाइन घालून फडक्याने लावते, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा. काहीच लावलं नाही तरी सागवान करडं होतं, बिघडत नाही. एक मात्र नीट ऐका: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती ऊब कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. माझं एकदा धुरकटलं होतं, तेही केराच्या बादलीत. पसरून दोरीवर वाळवा, मग टाका.

गादी सहा फुटांची अखंड करू नका. २४ बाय ३६ चे तीन तुकडे करा. मे महिन्यात चार वाजता वळीव येतो तेव्हा दोरीवरचे कपडे, पापड आणि गादी हे सगळं एकट्या बाईला पाच मिनिटांत आत न्यायचं असतं. अखंड गादी तेव्हा बाहेरच राहते. फोम ३२ च्या खालच्या डेन्सिटीचा (घनमीटरला किलो) नको, ४० मिळाला तर आणखी बरा. खोळीची चेन मागच्या बाजूला, आणि तळाचं कापड मच्छरदाणीसारखं जाळीचं लावा, म्हणजे चुकून भिजली तर पाणी खालून गळतं. प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलंत तर आत घाम धरतो आणि वास येतो. कापसाची गादी मला स्वतःला फोमपेक्षा आवडते, उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही, पण जून ते सप्टेंबर ती घरातच.

शेवटी गावभागाचं. २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत किती वेळा सामान वर नेलंत ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून चौकट खिळ्यांनी किंवा गोंदाने पक्की करू नका. खूर आणि गाते नट-बोल्टने जोडा, पाठ वेगळी निघू द्या, पट्ट्यांचा वरचा भाग दोन तुकड्यांत करा, प्रत्येकी नऊ पट्ट्या. मग स्क्रूही पट्ट्यांना खालून जोडणाऱ्या लहान पट्ट्यांत मारायचे, थेट चौकटीत नाही. आठ बोल्ट सोडले की दोन माणसं अर्ध्या तासात सगळं माडीवर नेतात. पाना खोळीच्या खिशात शिवून ठेवा, ऐनवेळी तो कधीच सापडत नाही.

आणि कापायच्या आधी जिन्याच्या वळणाची रुंदी मोजा. दादाकडे आम्ही सगळं मोजलं, जिना सोडून. पाठ वळणावर अडकली, तिथंच उभ्याउभ्या करवतीने तिचा एक कोपरा उतरवला. वहिनी पाहुण्यांना ती फॅशन आहे म्हणून सांगते.