टंचाची वही

पत्र: "माझे मूळ गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळ आहे. गेली बावीस वर्षे मी कोइमतूरमध्ये गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय करतो. पत्नी आणि धाकटी मुलगी माझ्याजवळ असतात. मुलगा पहिलीपासून गावी आजीजवळ राहून शिकला. मी वर्षातून दोनदा, जत्रेला आणि दिवाळीला, गावी येतो. यंदा तो बारावी विज्ञान झाला. सीईटीला 81 पर्सेंटाइल आहेत, गणित कच्चे आहे. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला जागा मिळणार नाही हे उघड आहे. पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून 'एआय अँड डेटा सायन्स'ची जागा मिळते आहे. टेंभू योजनेचे पाणी शेतीला आल्यापासून जमिनीला भाव आला आहे, त्यामुळे दोन एकर विकली तर चार वर्षांची सोय होईल. आमच्या धंद्यात आता राम राहिलेला नाही. मशीन आल्या, हॉलमार्क आला, तेजाबाच्या धुराने माझी छाती गेली, आणि गलाईवाल्याला हल्ली कोणी मुलगी देत नाही. मुलाला सांगून ठेवले आहे की शिकायचे तर कॉम्प्युटर, नाहीतर माझ्यासारखी सोने वितळवायची मूस धरायची. पण तो काही बोलतच नाही. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करून अभ्यासाचे विचारतो, तर फोन असा धरतो की मला छताचा पंखाच दिसतो. गेल्या मे महिन्यात दुकानात आला होता, तेव्हाही रिकामे उद्योग. टंच, म्हणजे सोन्याचा कस, मोजणाऱ्या मशीनजवळ बसून गिऱ्हाइकांच्या मालाचे आकडे वहीत लिहायचा. मशीनचा आकडा एकीकडे, मुशीत आटवल्यानंतरचा दुसरीकडे, बांगड्यांचे पान वेगळे, मंगळसूत्राच्या वाट्यांचे वेगळे. ती वही इथेच टाकून गेला. जून महिन्यात मी गावी येणार आहे. जागा घ्यावी की नाही, एवढेच कळवावे."

सप्रेम नमस्कार.

एवढेच विचारले आहे म्हणून आधी तेवढ्याचे उत्तर देते. जागा घेऊ नये, आणि त्या जागेसाठी जमीन तर मुळीच विकू नये. कारणे पुढे येतीलच. पण तुमचे पत्र मला तीनदा वाचावे लागले ते छताच्या त्या पंख्यामुळे.

अठरा वर्षांचा मुलगा रोज रात्री नऊ वाजता वडिलांचा फोन उचलतो, तो मध्येच तोडत नाही, रेंज नव्हती अशी थाप मारत नाही, फक्त चेहरा दाखवत नाही. तुम्हाला हा तुसडेपणा वाटतो. मला त्यात बराच संयम दिसतो. सीईटी होऊन गेली, निकालही लागला, तरी नऊचा फोन अजून अभ्यासाचाच आहे, हे तुमच्याच पत्रावरून कळते. तुम्ही वर्षातून दोन वेळा गावी येता; दोन्ही खेपांचे मिळून महिनाभर धरला, तर पहिली ते बारावी या बारा वर्षांत बाप-लेक एका छताखाली राहिले ते एकूण एक वर्ष. हा हिशेब तुम्हाला दोष देण्यासाठी मांडलेला नाही. तुमच्या तालुक्यातल्या शेकडो घरांनी दुष्काळाच्या काळात असेच केले: कर्ते पुरुष मूस आणि भाता घेऊन देशभर पांगले, पोरे आजी-आजोबांपाशी राहिली, आणि परगावातली शाळा, परकी भाषा आणि भाड्याची खोली पाहता त्यांच्यापुढे दुसरा मार्ग होताच असेही नाही. परंतु ज्या मुलाला तुम्ही सगळे मिळून बाराच महिने ओळखता, त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय त्याच्याशी न बोलता घेण्याची घाई मला समजत नाही. सबंध पत्रात शाखा आहे, जमीन आहे, जावई म्हणून त्याची पत काय राहील याची काळजी आहे. त्याला स्वतःला काय हवे आहे याबद्दल एकही वाक्य नाही.

तो का बोलत नाही, याचे उत्तरही मला तुमच्याच पत्रात सापडते. तुम्ही त्याला गलाईची धमकी दिली आहे. ज्या धंद्यावर बावीस वर्षे घर चालले, तो धंदा तुम्ही पोराला शिक्षा म्हणून दाखवत आहात, आणि हा पोर मात्र मे महिन्याच्या सुट्टीत, कोणी न सांगता, त्याच धंद्यातल्या यंत्रापाशी वही घेऊन बसत होता. आता त्याने बोलायचे काय? कॉम्प्युटर हवे म्हणाला तर खोटे होते, आणि दुकानातले काम आवडले म्हणाला तर त्याने आपणहून शिक्षा मागून घेतल्यासारखे होते. अशा पेचात अडकलेला मुलगा फोन छताकडे वळवतो. मी त्याच्या जागी असते तर मीही वळवला असता.

तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबे विरघळताना उठणारा तांबूस धूर फुप्फुसाला घातकच असतो, आणि तुमच्या छातीची तपासणी मुलाच्या प्रवेशाच्या आधी व्हायला हवी. ती गावी येईपर्यंत पुढे ढकलू नये. मुलगी मिळण्याच्या काळजीबाबत मात्र स्पष्ट लिहिते. सांगली-सातारा भागात ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. पूर्वी ती शेती करणाऱ्या मुलांच्या आयांकडून ऐकू येई, आता पुण्यात तुटपुंज्या पगारावर खोली वाटून राहणाऱ्या इंजिनिअर मुलांच्या आयांकडूनही येते. लग्नाच्या बायोडाट्यात 'बी.टेक. एआय' असे लिहिता येईल खरे, पण त्याच कागदावर शेतीच्या रकान्यात, पाणी आलेल्या जमिनीतली, दोन एकर कमी लिहावी लागेल. (धाकट्या मुलीचा पत्रात उल्लेख एकदाच आहे, ती कितवीत आहे हेसुद्धा नाही. तिच्यासाठीचे पत्रही एक दिवस यावे.)

आता तुमच्या मनातला एक गैरसमज, जो हल्ली जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात असतो: पदवीच्या नावात 'एआय' असले की मुलगा एआयमध्ये गेला. पदवीचे नाव हा दुकानाचा फलक असतो, आत काय विकले जाते ते वेगळे पाहावे लागते. या शाखेच्या आत आहे ते मुख्यतः गणित: रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि थोडे कलनशास्त्र. गणित कच्चे असलेल्या मुलाला तिथे घालणे म्हणजे ज्या विषयात तो अडखळतो तोच विषय चार वर्षे, जमीन विकून, त्याच्यासाठी विकत घेणे. उलट या विषयाचे आद्य शिल्पकार मानले जाणारे जेफ्री हिंटन यांची केंब्रिजची पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची होती. पुढे त्यांना जॉन हॉपफिल्ड यांच्यासह 2024 चे नोबेल मिळाले, तेही भौतिकशास्त्राचे. शिवाय 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा उठवल्यानंतर, कॉम्प्युटर आणि तिच्या बहिणी म्हणाव्यात अशा शाखांच्या जागा वाढवण्याकडे महाविद्यालयांचा ओढा आहे, म्हणजे ज्या फलकासाठी तुम्ही जमीन काढायला निघाला आहात तो दुर्मीळ राहिलेला नाही. आणि नव्या पदवीधरांना जी किरकोळ प्रोग्राम लिहिण्याची, तपासण्याची कामे पूर्वी सहज मिळत, त्यांतला मोठा भाग 2022 च्या अखेरीस आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनांनी सोपा करून टाकला आहे. तुम्ही ज्या यंत्राच्या भीतीने धंदा सोडायला सांगता, त्याच जातीचे यंत्र तिकडच्या दारातही उभे आहे. व्यवस्थापन कोट्याबद्दल एकच सांगते: पावतीशिवाय एक रुपयाही कोणाच्या हातावर ठेवू नका, राज्याच्या 1987 च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेण्यास बंदी आहे.

ज्याला तुम्ही रिकामे उद्योग म्हणता त्या वहीकडे आता वळते. टंच मशीन क्ष-किरणांनी दागिन्याचा फक्त वरचा थर वाचते, काही मायक्रॉन खोलीपर्यंतचा. वर चांगल्या सोन्याचा मुलामा असेल, आत पोकळी असेल, सांध्यात हलका जोड असेल, वाट्यांत लाख भरलेली असेल, तर मशीनचा आकडा आणि मुशीतून प्रत्यक्ष निघालेले सोने जुळत नाही. हे तुम्हाला मी सांगावे असे नाही, बावीस वर्षांत तुमचा हातच ते ओळखायला शिकला आहे. पण तुमच्या मुलाने काय केले ते पाहा. त्याने दोन्ही आकडे समोरासमोर लिहिले आणि दागिन्याच्या प्रकाराप्रमाणे पाने वेगळी केली. फरक कुठे जास्त पडतो आणि का पडतो, हे शोधण्याची ही पहिली पायरी आहे, आणि ती त्याला कोणी शिकवलेली नव्हती. जे नाव असलेली जागा तुम्ही दोन एकरांना घेऊ पाहता, त्या 'डेटा सायन्स'चे मूळ काम हेच: नोंद करायची, वर्गवारी करायची, तफावतीचे कारण हुडकायचे. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या दुकानात, फुकट चालले होते, आणि तुम्ही त्याला उठवले असावे असा माझा संशय आहे.

हॉलमार्कने तुमचा धंदा बुडवला असेही तुम्ही लिहिता. 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, पहिल्या टप्प्यात 256 जिल्ह्यांत. आणि 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी या सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. यामुळे तोंडी विश्वासावर चालणारे काम कमी झाले हे खरे आहे. पण हॉलमार्क देणाऱ्या केंद्रात शेवटचा निवाडा कशावर होतो? क्ष-किरण यंत्रावर प्राथमिक चाचणी होते आणि निवाडा अग्निपरीक्षणाने होतो. चिमूटभर नमुना तोलून, चांदी घालून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवतात; शिसे आणि तांबे सच्छिद्र वाटीत मुरतात, उरलेला मणी ठोकून पातळ करतात, नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी काढून टाकतात आणि राहिलेले सोने पुन्हा तोलतात. हे तुमच्या मुशीतलेच काम आहे, फक्त तराजू अधिक सूक्ष्म, धूर ओढून घेणारी सोय चांगली आणि अंगावर पांढरा कोट. तिथे रसायनशास्त्र किंवा धातुशास्त्र शिकलेली माणसे लागतात. ज्याने लहानपणापासून लगड, मूस आणि टाकणखार हे शब्द घरात ऐकले आहेत, असा पदवीधर त्यांना रोज भेटत नसावा.

म्हणून माझा सल्ला असा: सांगलीच्या विलिंग्डनसारख्या चांगल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., आणि त्याला धातूच अधिक आवडत असेल तर धातुशास्त्राची पदविका करून पुढे थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग. पुण्याच्या सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्राची पदवी आहे, पण 81 पर्सेंटाइलवर त्या दाराची आशा धरू नये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांचा अर्ज भरून ठेवायला हरकत नाही. आणि आकड्यांचा नाद खरोखर किती खोल आहे ते पाहायचे असेल, तर आयआयटी मद्रासने 2020 मध्ये सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची असते. त्यात गणित आहेच. चार आठवड्यांत त्याचे त्यालाच कळेल, आणि जमीन जागेवर राहील.

हे सगळे मी त्याला न भेटता लिहिले आहे, ही या उत्तराची मोठी उणीव आहे. कदाचित त्याला सोन्यातही रस नसेल, दुकानात फक्त तुमच्याजवळ बसायला मिळत होते म्हणून तो तिथे बसला असेल. तेही शक्य आहे, आणि तसे असेल तर मी सुचवलेली रसायनशास्त्राची वाटसुद्धा मागे घेते. हे त्याला विचारूनच कळेल, आणि विचारायचे तुम्हाला आहे. नऊच्या फोनवर आठ दिवस अभ्यासाचा शब्द काढू नका. त्याऐवजी एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हालाही हवे असेल असा: बांगड्यांच्या पानावर फरक जास्त निघाला की वाट्यांच्या? विचारण्यापूर्वी स्वतः वही उघडून पाहू नका, म्हणजे प्रश्न खरा राहील.

जूनमध्ये गावी याल तेव्हा दोघेही सांगलीला येऊन जा. गुणपत्रिका आणली नाही तरी चालेल. वही मात्र कोइमतूरच्या दुकानात राहिली आहे, तेव्हा ती शोधून आठवणीने पिशवीत घाला.