फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन १२ जूनला की ४ जुलैला?

१२ जून. १८९८ साली याच दिवशी काविते प्रांतातल्या कावित गावी, क्रांतिकारी नेते एमिलिओ आगिनाल्दो यांच्या राहत्या घरून स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झालं. हाँगकाँगमध्ये शिवून आणलेला झेंडा तिथं फडकला. पण त्याच वर्षी स्पेननं हा देश अमेरिकेला देऊन टाकला! अमेरिकेनं सत्ता सोडली ती ४ जुलै १९४६ला, म्हणून आधी तोच स्वातंत्र्यदिन होता. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो १२ जूनला आणला, आणि माझ्या मते अगदी योग्य केलं. त्या वर्षीच्या सोहळ्याला ९३ वर्षांचे आगिनाल्दो स्वतः हजर होते.

३० डिसेंबरही लक्षात ठेवा: १८९६ मध्ये मनिलात लेखक आणि राष्ट्रनायक होसे रिसाल यांना स्पॅनिश सत्तेनं गोळ्या घातल्या तो दिवस.